इंडिकेचा लौकिक

मनुष्याचा लौकिक कसा वाढतो व कसा बुडतो, याविषयी आपल्याकडे सुभाषिते पुष्कळ आहेत. परंतु निर्जीव वस्तूंनाही लौकिक असतो आणि तोही माणसांच्या लौकिकाइतकाच चंचल असतो, इकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पितळेच्या तांब्याने एके काळी घराची शोभा राखली; स्टीलची भांडी येताच तोच तांब्या माळ्यावर जाऊन पडला; आणि आता नातवंडे त्यास घासूनपुसून दिवाणखान्यात मांडू लागली आहेत. तांब्या होता तसाच होता. बदलली ती पाहणाऱ्यांची नजर. मोटारगाडीची गोष्ट तर याहून नाजूक. ती माळ्यावर लपविता येत नाही. ती दारात उभी असते आणि येणारा-जाणारा तिच्यावरून आतल्या माणसांची किंमत करीत असतो. अमरावतीस आमच्या दारात चौदा वर्षे जी गाडी उभी होती, ती इंडिका. तिच्याविषयी बरे आणि वाईट इतके बोलले गेले आहे की, त्यातले खरे किती आणि उसने किती, याचा एकदा स्वस्थपणे विचार करावा असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते.

तिचा इतिहास थोडक्यात असा. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मध्यमवर्गाची मोटार म्हणजे मारुती, असे समीकरण पुढील पंधरा वर्षांत रूढ होऊन बसले. १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात टाटांनी इंडिका मांडली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबर रोजी ती बाजारात आणली. झेनचा आटोपशीरपणा, अँबॅसॅडरची ऐसपैस जागा, मारुतीच्या जवळपास किंमत आणि शिवाय डिझेलची काटकसर, अशी तिची कल्पना रतन टाटा यांनी मांडली होती. ट्रक बांधणाऱ्या कंपनीने हा उद्योग करावा, हे त्या वेळी अनेकांस धाडसच वाटले. ऑस्ट्रेलियात निस्सान कंपनीचा बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, त्याचे भाग सुटे करून, ते जहाजांनी आणून पुण्यास त्याची पुन्हा उभारणी करण्यात आली. बाह्यरूप घडविण्यास इटलीतील तुरीन येथील एका संस्थेचे साह्य झाले असले, तरी इंडिका भारतात आखलेली व घडविलेली मोटार म्हणूनच ओळखली गेली. पहिल्या आठवड्यातच सुमारे १,१५,००० लोकांनी पैसे भरून नावे नोंदविली.

इतक्या अपेक्षेने आलेल्या नव्या सुनेच्या वाट्यास जे येते, तेच तिच्या वाट्यास आले. पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी निघाल्या: आवाज फार, कंप फार, सुटे भाग लवकर झिजतात. या तक्रारी खोट्या नव्हत्या. कंपनीने त्या मनावर घेतल्या, दोष शोधले आणि २००१ मध्ये 'व्ही-टू' या नावाने सुधारलेली इंडिका आणली. तीस लोकांनी मोठ्या प्रमाणात स्वीकारले. परंतु पहिल्या वर्षाची कुजबुज तिच्यामागे लागली ती कायमचीच. २००३ मध्ये हीच गाडी 'सिटीरोव्हर' हे नाव धारण करून इंग्लंडात गेली आणि तेथील परीक्षकांनी तिची पुष्कळ थट्टा केली. ज्या कंपनीने ती तेथे विकली, ती २००५ मध्ये बुडाली. मौज अशी की, त्याच इंग्लंडातील जग्वार व लँड रोव्हर या नामांकित गाड्यांचा धंदा २००८ मध्ये टाटांनीच विकत घेतला.

आमच्या घरी ती आली २००३ मध्ये. वडील त्या वर्षी गणिताचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या थोरल्या भगिनी, आमच्या आत्या, अकोल्यास जठारपेठेत एकट्या राहत असत. दर पंधरवड्यास त्यांच्याकडे जावयाचे, औषधपाणी पाहावयाचे, हा वडिलांचा जुना नेम. आजवर तो एस.टी.ने चालला होता. परंतु गुडघे आता बसच्या पायऱ्यांशी वाद घालू लागले होते. तेव्हा भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम मोडून त्यांनी पांढऱ्या रंगाची डिझेल इंडिका घेतली. प्रथम अंबादेवीचे दर्शन, नंतर शेगाव आणि मग आत्यांचे दार, असा तिचा पहिला प्रवास झाला. आत्यांनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

घरी येताच सल्लागारांची रीघ लागली. "कावून मास्तर, मारुती नाही भेटली काय?" असे एकाने विचारले. दुसऱ्याने डिझेलच्या आवाजाला ट्रॅक्टरची उपमा दिली. वडिलांनी उत्तर दिले नाही. एक शंभर पानी वही घातली. तारीख, किलोमीटर, डिझेल, रुपये आणि शेवटी 'कारण', असे पाच रकाने तीत त्यांनी पट्टीने आखले. गाडीची परीक्षा चर्चेने होत नाही, वहीने होते, असे त्यांचे मत होते.

अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू ही वाटेवरली गावे वऱ्हाडी माणसास तोंडपाठ असतात. खाली कपाशीची काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्या पाठीवर घातलेला रस्ता तिच्याबरोबरच वरखाली होतो. आमच्या गाडीने चौदा वर्षांत जे हादरे सोसले, ते बहुतेक या मातीचे. गाडीतून खडखड ऐकू आली की, पाहुणे गाडीचे नाव घेत. रस्त्याचे नाव कोणी घेत नसे. पुढे २०२२ च्या जूनमध्ये याच मार्गावर ७५ किलोमीटर लांबीच्या एका पदरावर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड डांबरी काँक्रीट घालण्यात आले आणि त्याची गिनीज विश्वविक्रमांत नोंद झाली. तोवर आमची गाडी दारातून गेली होती. त्या गुळगुळीत पदरावरून ती एकदा धावली असती, तर कोणाच्या आवाजाबद्दल कोणास बोल लागला होता, हे तरी कळले असते.

पाठीमागे डिकीची स्वतंत्र पेटी नसलेली, आखूड पाठीची ही गाडी. तिला हॅचबॅक म्हणतात. मागचे दार वर उचलले आणि मागील आसन दुमडले की, तिच्यात काय मावत नसे? मृगाच्या संत्र्यांच्या टोपल्या, आत्यांसाठी ज्वारीचे पोते, परतताना त्यांनी घातलेल्या कुरडया-पापडांचे डबे, एकदा तर शिवणयंत्रही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जाई, तेव्हा तिच्यातील गार हवा हेच आमचे महाबळेश्वर. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट ती पाच माणसे घेऊन चढे. सावकाश चढे, पण कुरकुरीवाचून चढे. २००९ च्या पावसाळ्यात एका रात्री आत्या न्हाणीघरात पडल्याचा दूरध्वनी आला. रात्रीचा एक वाजला होता. त्या वेळी बस नव्हती, रेल्वे नव्हती. दारात इंडिका होती. साडेतीन वाजता आत्या रुग्णालयात होत्या. वहीतील त्या रात्रीच्या ओळीत 'कारण' या रकान्यात वडिलांनी एवढेच लिहिले आहे: 'आक्का.'

एव्हाना मात्र तिच्या लौकिकास दुसरी बाधा झाली होती. ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा दर सरकार ठरवीत असे आणि तो पेट्रोलहून बराच कमी असे. शिवाय गाडी ऐसपैस. त्यामुळे भाड्याने मोटारी चालविणाऱ्यांनी इंडिका पसंत केली. गावोगावच्या अड्ड्यांवर पांढऱ्या इंडिका ओळीने उभ्या राहू लागल्या. झाले! कालपर्यंत जी मध्यमवर्गाची गाडी होती, ती 'टॅक्सी' झाली. पांढरी इंडिका दारी असणे कमीपणाचे ठरले. अकोल्यास एका लग्नात वडील मंगल कार्यालयाबाहेर गाडीस टेकून उभे असता एक गृहस्थ लगबगीने आले व म्हणाले, "भाऊ, बडनेऱ्याले सोडता काय? गाडी गाठाची हाय. किती घ्याल?" वडिलांनी दार उघडून दिले. त्या गृहस्थांस व त्यांच्या कुटुंबास बडनेऱ्याच्या स्थानकावर उतरविले आणि पैसे घेतले नाहीत. आईस तो प्रकार फार लागला. लोक आता तुम्हांस ड्रायव्हर समजतात, असे ती म्हणाली. वडील म्हणाले, "त्याले गाडी पाह्यजे होती, आपल्यापाशी गाडी होती. याच्यात अपमान कोनता? पैसे घेतले असते तर डिझेल सुटलं असतं, तेवढाच तोटा."

या उत्तराने गाडीच्या लौकिकाचे मर्म आमच्यापुढे उघडे झाले. इंडिकेवरील आक्षेप दोन प्रकारचे आहेत. पहिला तिच्या घडणीवरचा. तो आरंभी खरा होता आणि २००१ नंतर बराचसा निवारला गेला. दुसरा ती कोणाच्या हाती गेली यावरचा. हा आक्षेप गाडीवर नाहीच. तो माणसांवर आहे. विचार करावा की, भाड्याची गाडी चालविणारा मनुष्य वाहन निवडतो कसे? त्याचे पोट तिच्यावर असते. हप्ता तिच्यावर असतो. मुलांच्या शाळेची फी तिच्यावर असते. तो जाहिरातीस भुलत नाही की शेजाऱ्यास दिपविण्याचा विचार करीत नाही. वऱ्हाडात कोरडवाहू शेतीने हात दिला नाही म्हणून जुनी इंडिका घेऊन अड्ड्यावर उभे राहिलेले तरुण आम्ही पाहिले आहेत. मध्यरात्री रुग्णास नागपुरास पोहोचविणारे तेच आणि बाळंतिणीस माहेरी आणणारेही तेच. अशा माणसांनी जी गाडी पसंत केली, तिला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोण देणार? आणि आम्ही शिकलेल्या लोकांनी तेच प्रशस्तिपत्र तिच्या दोषांच्या यादीत घालावे, हा न्याय मोठा विलक्षण आहे. कष्टकऱ्याच्या अंगावर दिसले की वस्त्र हलके ठरते, त्याच्या ताटात दिसली की भाकरी हलकी ठरते. गव्हाच्या पोळीपुढे ज्वारीची भाकरी आपल्याच घरांतून कशी मागे पडली, हे वऱ्हाडास निराळे सांगावयास नको.

२०१६ मध्ये आत्या वारल्या. अकोल्याच्या फेऱ्या थांबल्या आणि गाडी बहुधा उभीच राहू लागली. पुढील वर्षी वडिलांनी ती मोर्शीकडील एका संत्रा बागायतदारास दिली. सौदा ठरताच त्याने पहिली गोष्ट केली ती ही की, मागील आसन दुमडून आत संत्र्याची कलमे किती मावतील, ते हाताने मोजून पाहिले. वडिलांस हा गिऱ्हाईक फार आवडला. हजार रुपये त्यांनी आपण होऊन कमी केले. २०१८ मध्ये इंडिकेचे उत्पादनच बंद झाले. आज अमरावतीच्या रस्त्यावर एखादी दिसते, ती बहुधा मागे काही तरी लादलेली आणि घाईत असलेली.

वही मात्र आमच्यापाशी आहे. तिच्यातील किलोमीटरांची बेरीज वडिलांनी शेवटच्या पानावर करून ठेवली आहे. रुपयांची केलेली नाही. ती करावयाचे राहिले काय, असे आम्ही त्यांस विचारले, तेव्हा त्यांनी 'कारण' या रकान्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हे पाहून घ्या, त्याची बेरीज होत नसते."