पाण्याची पाळी

आप्पा रात्री झोपेतून उठायचे ते कसला आवाज झाला म्हणून नाही, आवाज थांबला म्हणून. बागलाणात मोसम नदीच्या काठी आमचं गाव. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली गावाचे फड. आप्पा बरीच वर्षं त्या पाटाचे पाटकरी होते. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, कुणाची पाळी कुणानंतर, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. उन्हाळ्यात आमच्या खाटा अंगणात पडत. घरामागून पाट वाहायचा. मध्यरात्री कधीतरी त्याचा खळखळाट बारीक व्हायचा, आम्हां पोरांना काही कळायचं नाही, पण आप्पा उठून बसलेले असत. उशाची बॅटरी घ्यायची, फावडं खांद्यावर टाकायचं आणि अंधारात चालू लागायचं. कुठंतरी खेकड्यानं काठ पोखरलेला असे, नाहीतर कुणीतरी पाळी नसताना बारं फोडलेलं असे. तासाभरानं पाणी पुन्हा बोलू लागे, आणि मग आप्पा परत येत.

मी आता राहते तिथं पाटाला सुओने म्हणतात.

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला वालिस नावाचा प्रांत आहे. मधून रोन नदी वाहते, इथले लोक तिला रोटेन म्हणतात, आणि दोन्ही बाजूंना चार-चार हजार मीटरचे पहाड उभे आहेत. खाली फिस्प गावात औषधांच्या कारखान्यात माझी नोकरी आहे. घर मात्र वर, उन्हाच्या अंगाला, हजार मीटरच्या आसपास. 2016च्या नोव्हेंबरात इथं आलो तेव्हा खाली परवडेल असं घर मिळालं नाही, म्हणून वर चढलो. उन्हानं काळपट झालेल्या लार्चच्या लाकडाची घरं, छपरांवर जाड दगडी फरशा, आणि गावातून जिथं जावं तिथं चढ नाहीतर उतार. पिवळी पोस्टबस चुकली की दळणवळण संपलं. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की मी बसची वाट आमच्या गावातल्या एसटीसारखीच बघते, वळणाकडं कान लावून.

मग बर्फ आलं. बर्फाचं सौंदर्य खूप जणांनी लिहिलंय. मला आठवतं ते त्याचं गप्प असणं. फूटभर ताजं बर्फ पडलं की सगळ्या डोंगराचा आवाज कुणीतरी दुलईत गुंडाळून ठेवल्यासारखा होतो. झरे गोठलेले, वाटा बुजलेल्या, कुत्रंही भुंकत नाही. रात्री दोन वाजता मी दचकून उठायची. काहीही झालेलं नसे, आणि त्यानंच जाग यायची. आप्पांचे कान माझ्याकडे आले होते. आवाज थांबला आहे एवढंच त्या कानांना कळत होतं. बॅटरी घेऊन कुठं जायचं, ते कळत नव्हतं.

आईला फोटो पाठवले की ती सगळ्या गल्लीला दाखवी. ‘स्वर्गात राहते गं तुझी पोरगी,’ असं शेजारणी म्हणत. मी काय सांगणार होते? डोंगर फोटोत असतो तेव्हा तो समोर असतो. राहायला गेलं की तो डोक्यावर असतो. हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाच वाजता हिमस्खलनाच्या धोक्याचं पत्रक निघतं, एक ते पाच अशा पायऱ्यांचं, आणि इथली माणसं आपण भाजीचे भाव बघावेत तितक्या सहज ते बघतात. फ्योनचा गरम, कोरडा वारा सुटला की दोन दिवसांत अंगणातलं बर्फ चाटून नेतो आणि अर्ध्या गावाचं डोकं धरतं. हे सगळं फोनवर सांगण्यासारखं नसतं. आई फक्त विचारायची, ‘बोलायला कुणी आहे का तिथं?’

बोलायला शेजारची म्हातारी होती. तेव्हा तिचं वय शहात्तर, गुडघे कामातून गेलेले, घरी काळ्या तोंडाची सात मेंढरं. मी पुण्यात दोन वर्षं शिकलेलं नेटकं जर्मन घेऊन तिच्या दारात उभी राहिले, आणि ती जे बोलली त्यातला एकही शब्द मला कळला नाही. वालिसची बोली खुद्द झुरिकच्या लोकांनाही जड जाते. मला आधी रडू आलं आणि मग घरची आठवण आली. आमच्या घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी. ‘काय करी ऱ्हायनी, माय?’ असं विचारणारे आप्पा नाशिकच्या कचेरीत गेले की तोंड उघडत नसत. घरातली भाषा वेगळी आणि कागदावरची वेगळी, हे मला जन्मापासून माहीत होतं. त्या दिवसापासून मी कागदाची भाषा बाजूला ठेवली आणि म्हातारीच्या तोंडाकडं बघत शिकू लागले.

जर्मनमध्ये आपल्यासारखंच आहे, तुम्ही आणि तू. डोंगरात मात्र एक जुना रिवाज आहे: ठरावीक उंचीच्या वर गेलं की वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसालाही ‘तू’ म्हणायचं. गावात तसं नसतं. तिथं मोठ्या माणसानं आपणहून ‘तू’ देऊ करावं लागतं, तोवर थांबायचं. मी दोन वर्षं थांबले. एका मार्चमध्ये तिच्या एका मेंढीला पिल्लू अडलं होतं आणि मी कंदील धरून उभी होते. पहाटे पिल्लू बाहेर आलं, ओलं, थरथरणारं. तिनं ते पेंढ्यात ठेवलं, हात पुसले आणि मला आपलं पहिलं नाव सांगितलं. तिनं ‘तू’ दिलं होतं. लग्नात सासूनं ओटी भरली तेव्हासुद्धा मला इतकं भरून आलं नव्हतं.

सुओने मला तिनंच दाखवली. वालिस हा स्वित्झर्लंडचा सगळ्यात कोरडा मुलूख. फिस्पला वर्षाकाठी साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्या दुष्काळी पट्ट्याच्या तोडीचा. फोटोतलं ते हिरवं कुरण आभाळानं दिलेलं नाही, माणसानं पाणी वळवून आणलेलं आहे. वर हिमनद्या वितळतात. ते पाणी अवघड दऱ्यांमधून, कड्यांच्या अंगानं, कुठं खोदलेल्या चरातून तर कुठं कड्याला टांगलेल्या लाकडी पन्हळीतून, मैलोन्‌मैल खेळवत गावापर्यंत आणायचं. हे काम इथं मध्ययुगापासून चाललंय. एगरबेर्गच्या वर बाल्टशीडरच्या दरीत गोरपेरी नावाची सुओने आहे. तिच्या कडेनं चालताना एका हाताला पाणी असतं आणि दुसऱ्या हाताला काहीच नसतं, खोल दरी. त्या पन्हळी दुरुस्त करताना पूर्वी माणसं पडून मरत. प्रत्येक घराचा पाण्यावरचा हक्क तासांत मोजलेला असे, आणि तो लाकडी काठीवर खाचा पाडून, घराची खूण कोरून ठेवलेला असे. 2023 मध्ये युनेस्कोनं युरोपातल्या या पारंपरिक पाटपाण्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बातमी वाचली तेव्हा मी आप्पांना फोन केला. ते म्हणाले, ‘चांगलं झालं. पण पाट कोण साफ करतं ते सांग.’

आणि मग ती हातोडी.

एका जूनमध्ये म्हातारीबरोबर सुओनेच्या काठानं चालले होते. लांबून आवाज येत होता, टक्... टक्... टक्. कुणी लाकूड फोडतंय असं वाटलं. वळण पार केलं तर माणूस कुणी नाही. पाण्यात हातभर व्यासाचं एक लाकडी चाक फिरत होतं. चाकाच्या आसाला खुंटी; दर फेऱ्याला ती खुंटी एका हातोडीचा दांडा दाबायची आणि सोडायची, आणि हातोडी खाली बसवलेल्या फळीवर पडायची. फळी मधोमध झिजून तिला वाटीएवढा खळगा पडला होता. चाकाच्या पात्यांवर हिरवं शेवाळ, दांड्याला पाण्यानं आलेला काळा रंग. म्हातारी म्हणाली, पूर्वी प्रत्येक मोठ्या सुओनेवर अशी असायची, आता कुठं कुठं पुन्हा बसवल्यात. पाणी वाहतंय तोवर हातोडी वाजते. वर कुठं दरड आली, पन्हळ तुटली, की पाणी आटतं, चाक थांबतं. राखणदार आपल्या झोपडीत निजलेला असतो. हातोडी वाजतेय तोवर त्याला झोप लागते. हातोडी थांबली की त्याला जाग येते.

मी तिथंच मटकन बसले. म्हातारीला वाटलं मला उंचीची चक्कर आली. मी तिला माझ्या मोडक्या बोलीत अंगण सांगितलं, खाट सांगितली, पाट आणि आप्पा सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं. एकच प्रश्न विचारला, ‘त्यांच्याकडं हातोडी नव्हती? नुसत्या कानानं?’ मी हो म्हटलं. तिनं मान हलवली, आपल्याकडं कीर्तनात दाद देतात तशी.

या डोंगरांनी ऐकणाऱ्यांना वाचवलंय आणि न ऐकणाऱ्यांना गिळलंय. आमच्या फिस्पहून जी दरी दक्षिणेला जाते तिच्या टोकाला माटमार्क धरण आहे. 1965च्या 30 ऑगस्टला धरणाचं काम चालू असताना वरच्या आलालीन हिमनदीचा तुकडा सुटला आणि खाली मजुरांच्या बराकींवर आला. 88 माणसं गेली, त्यांतली 56 इटालियन. घर सोडून परक्या डोंगरात रोजगाराला आलेली माणसं, आणि त्यांचा मुक्काम नेमका हिमनदीच्या जिभेखाली बांधलेला. मी तिथं एकदाच गेले. पाणी निळं होतं, वारा होता. माझ्या आईसारखीच कुणीतरी त्यांच्या घरी पत्राची वाट बघत असेल, हे डोक्यातून जाईना.

आणि परवाचं ब्लाटेन. आमच्या गावामागं बीचहॉर्नचं शिखर आहे. त्याच्या पलीकडच्या अंगाला लोट्शेनटाल दरी, तिच्यात ब्लाटेन गाव. 2025च्या मे महिन्यात वरचा कडा हलू लागला, त्याचे दगड खालच्या बिर्च हिमनदीवर साचू लागले. मोजणारे मोजत होते. 19 मेला सुमारे तीनशे माणसांचं गाव रिकामं केलं, गुरं-मेंढरं हलवली. एका जखमी गाईला हेलिकॉप्टरनं काढलं. 28 मेच्या दुपारी हिमनदी कोसळली आणि गावाचा बहुतेक सगळा भाग दगड-बर्फाखाली गेला. एक माणूस दगावला. माझ्या विभागातल्या एका सहकाऱ्याचं आजोळ ब्लाटेनचं. त्या दुपारी तो काचेपाशी उभा राहून त्या दिशेला बघत होता, जिथून काहीच दिसत नाही. म्हणाला, ‘माणसं आहेत. घर नाही.’

त्या रात्री मला माळीण आठवलं. 2014च्या 30 जुलैला सकाळी भीमाशंकरच्या बाजूचं ते गाव डोंगराखाली गेलं, 151 जीव गेले. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला प्रथम कळलं ते एसटीच्या चालकामुळं. मी तेव्हा पुण्यात होते, त्या पावसाचा आवाज मीही ऐकला होता. 2023 मध्ये पुन्हा इरशाळवाडी. आपल्या सह्याद्रीच्या कुशीत किती वाड्या आहेत, आणि त्यांच्यासाठी रात्री कुणी जागं आहे का? हा प्रश्न मी इथं बसून विचारते याची मला टोचणी आहे. तरी विचारते. डोंगराची भाषा शिकलेली माणसं आपल्याकडंही होती, आप्पा त्यांतले एक. त्यांच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं आपण.

आमच्याकडचे फड आता बरेचसे मोडले. वर धरण झालं, विहिरींवर मोटारी बसल्या, डाळिंब-द्राक्षाच्या बागा आल्या, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या पाइपातून जाऊ लागलं. आप्पांना अजून उन्हाळ्यात रात्री जाग येते, असं आई सांगते. उठून बसतात. कान देतात. मग परत आडवे होतात.

गेल्या एप्रिलमध्ये सुओनेत पाणी सोडण्याआधीची साफसफाई होती. गावकीचं काम, ज्या घराची कुरणं या पाण्यावर आहेत त्या प्रत्येक घरातून एका माणसानं यायचं. आमच्या नावावर इथं एक वीतसुद्धा जमीन नाही. पण म्हातारीचे गुडघे आता तिला अंगणापलीकडं नेत नाहीत, आणि तिची मुलं शहरात आहेत. तिनं आपलं फावडं माझ्या हातात दिलं. दिवसभर आम्ही बारा-पंधरा जणांनी हिवाळ्यात साचलेली पानं, गाळ, दगड उपसले. दुपारी राईची भाकरी, चीज, पांढरी वाइन. कुणी मला काही विचारलं नाही. संध्याकाळी हिशेबाच्या वहीत म्हातारीच्या घरापुढं हजेरीची खूण झाली, आणि पाण्याच्या पाळ्या वाचून दाखवताना तिच्या तासांपाशी आल्यावर वाचणाऱ्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

पाणी सुटलं त्या रात्री आप्पांना फोन लावला. आधी हातोडीचा आवाज ऐकवला, दुपारी टेप करून ठेवलेला. पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग त्यांचा आवाज आला, ‘पानी वाही ऱ्हायनं.’

‘हो आप्पा.’

‘तुझी पाळी कधी?’

‘शनिवारी. पहाटे चार ते सहा.’

‘एकटी जाशील?’

‘एकटीच.’

‘बॅटरी घे,’ आप्पा म्हणाले. ‘आणि आधी खालचं बारं उघड, मग वरचं बुजव. घाई करू नको. पाण्याला यायला वेळ लागतो.’