सत्ता सरल्यावर

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना इतिहासाचे वेड मोठे. शिवजयंती आली की आमची मंडळे गजबजतात, व्याख्याने झडतात, ऊर भरून येतो. परंतु या इतिहासापासून आम्ही शिकलो काय, असा प्रश्न पडला म्हणजे आमचे मन रायगडावरून निघते ते थेट तंजावरास जाऊन थांबते.

तेथे दुसरे सरफोजी राजे १७९८ साली गादीवर बसले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वसुलाचा ठराविक हिस्सा आणि मानमरातब एवढेच उरले. वय अवघे बावीस. अशा वेळी मनुष्य एक तर विलासात बुडतो, नाही तर गतवैभव आठवून कुढत बसतो. सरफोजी अभ्यासाला बसले. श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली लागलेली विद्येची गोडी त्यांनी जन्मभर वाढविली. नायक राजांपासून चालत आलेला पोथ्यांचा संग्रह त्यांनी काशीयात्रेतही भर घालून समृद्ध केला. त्याच्या शेजारी युरोपीय ग्रंथ मांडले. नेत्ररोग्यांवरील उपचारांची सचित्र टिपणे त्यांनी ठेवविली. १८०५ मध्ये छापखाना काढला, आणि पुढल्या वर्षी तेथून इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक ‘बालबोध मुक्तावली’ बाहेर पडले. पुण्यात पेशवाई अजून बारा वर्षे नांदायची होती!

पूर्वजांचा अभिमान त्यांना नव्हता असे नाही. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. चोळांनी उभारलेल्या त्या शिवालयात, तमिळ शिलालेखांच्या सहवासात, तो आजही आहे. परंतु भिंतीवर वंशाची कीर्ती कोरून ते स्वस्थ बसले नाहीत; स्वतःच्या हातून काय घडावे, याचा शोध त्यांनी ग्रंथांत आणि प्रयोगांत घेतला. कुलाभिमान आणि आत्मविकास यांतले हे अंतर आम्हांला फार मोलाचे वाटते.

१८३२ मध्ये सरफोजी गेले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे पुरुष वारसाविना वारले आणि राज्य नावापुरतेही उरले नाही. ग्रंथसंग्रह मात्र उरला. १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्वांसाठी खुला झाला, आणि मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत अशा कोणत्याही भाषेच्या अभ्यासकाला तो आपला वाटतो.

आमच्या मंडळांतही पुस्तकांचे एखादे कपाट असते. त्याची किल्ली कोणाकडे, हे पुष्कळदा अध्यक्षांनाही ठाऊक नसते. अध्यक्षपद कोणाकडे, याची चर्चा मात्र वर्षभर चालते. घरी मराठी बोलणारी आमची मुले देवनागरी वाचताना अडखळू लागली आहेत. त्यांना पूर्वजांच्या लढाया आम्ही अवश्य सांगाव्यात. पण त्याआधी ते कपाट उघडावे, आणि त्यातले पहिले पुस्तक आपणच हाती घ्यावे. वडीलधारी मंडळी शिकताना दिसली, तरच मुलांना शिकण्याची थोरवी पटेल.