जाळीपलीकडचा श्रोता

शिक्षणासाठी परदेशी निघालेली आमच्या धर्मग्रामातील मुले जाण्यापूर्वी आशीर्वादासाठी येतात. गेल्या वर्षी आलेल्या एका मुलीने दाराशी घुटमळत विचारले, ‘‘फादर, तिकडे कुणी आवडलं तर?’’ मी नेहमीचा उपदेश केला. ‘‘बरं, फादर,’’ म्हणून ती निघून गेली. तिला उपदेश नको होता, काही सांगावयाचे होते, हे दार लोटले गेल्यावर मला उमगले.

त्या रात्री शार्लट ब्राँटेची १८५३ साली प्रसिद्ध झालेली ‘व्हिलेट’ ही कादंबरी मी पुन्हा हाती घेतली. सेमिनरीत असताना त्यातील कॅथलिक धर्मावरील टीका तेवढी मला बोचली होती. टीकेमागचे एकाकीपण दिसले नव्हते.

शार्लट १८४२ साली एमिली या बहिणीसह फ्रेंच शिकण्यासाठी ब्रसेल्सला गेली. तेथील शिक्षक कॉन्स्टंटिन हेगर हे विवाहित व निष्ठावान कॅथलिक. ते तिचे निबंध बारकाईने तपासत, तिच्या लेखणीला शिस्त लावत. तिचे मन त्यांच्यात गुंतले. पुढील वर्षी ती एकटीच तेथे परतली. सुटीत शाळा ओस पडली असता, १ सप्टेंबर १८४३च्या सायंकाळी, अँग्लिकन धर्मगुरूच्या या कन्येने सेंट गुडुलाच्या ख्रिस्तमंदिरात पापनिवेदनाच्या जाळीपाशी गुडघे टेकले. ती प्रॉटेस्टंट असल्याचे कळताच आतील धर्मगुरूंनी प्रथम नकार दिला. तिने आग्रह धरला तेव्हा मात्र ऐकून घेतले. रोज सकाळी घरी येण्यास त्यांनी सांगितले. ती गेली नाही. हे सारे तिने एमिलीला पत्राने कळविले आणि वडिलांना सांगू नकोस, असेही बजावले.

कादंबरीतील ल्यूसी स्नो हेच करते. तिला लाभणारा पॉल इमॅन्युएल हा चिडखोर, मायाळू शिक्षक कॅथलिकच आहे, मात्र अविवाहित. जीवनाने नाकारलेले लेखिकेने कथेत मागून घेतले. तरीही अखेरीस सागरावर वादळ उठते आणि तो परतला की नाही, हे तिने वाचकांवर सोपविले.

हेगरना तिने लिहिलेल्या पत्रांपैकी चार उरली. त्यांतील तीन फाडून पुन्हा जोडलेली. १९१३ साली ती वृत्तपत्रात छापली गेली व तिचे गुपित जगाला कळले. परंतु त्या सायंकाळी जाळीपाशी ती काय बोलली, हे आजही कुणास ठाऊक नाही. त्या अनामिक धर्मगुरूंनी ते आपल्याबरोबर थडग्यात नेले. तिला आपल्या धर्मात आणण्याची इच्छा त्यांनाही होतीच. परंतु आधी त्यांनी कान दिला. मी तेवढेही केले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला दोन ओळी लिहिल्या : ‘त्या दिवशी मीच फार बोललो. आता तू बोल, मी ऐकतो.’ उत्तर तीन महिन्यांनी आले. त्यात काय होते, हे मात्र वाचकांनी मला विचारू नये.