अर्ध्या टक्क्याचा हक्क

ब्रिटिश लेखिका-अभिनेत्री मिकेला कोल नेटफ्लिक्समधल्या एका अधिकारी बाईंशी फोनवर बोलत होती. तिच्या नव्या मालिकेसाठी दहा लाख डॉलर मोजायला कंपनी तयार होती. तिनं विचारलं, कॉपीराइटमधला पाच टक्के वाटा माझ्याकडे राहील का? पलीकडून उत्तरच येईना. मग ती दोन टक्क्यांवर आली, एकावर आली, शेवटी अर्ध्या टक्क्यावर. वरिष्ठांना विचारावं लागेल, असं त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून म्हणाल्या, तुम्ही करताय ते योग्य आहे, मला तुमचा अभिमान वाटतो. मिकेलानं तो करार नाकारला. ही हकिकत तिनं २०२० साली एका मुलाखतीत सांगितली, तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

पैशांसाठी घासाघीस करणारा माणूस आकडा वर नेतो. ही खाली उतरत होती. आपण लिहिलेल्या गोष्टीत आपलं नाव मालक म्हणून कुठंतरी, अगदी कोपऱ्यात का होईना, राहावं एवढंच तिला हवं होतं.

त्या हट्टामागे काय होतं, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. १९८७ साली जन्मलेल्या मिकेलाचे आईवडील घानाचे. आईनं पूर्व लंडनमध्ये दोन मुलींना एकटीनं वाढवलं. साफसफाईची कामं केली आणि जोडीला शिक्षणही घेतलं. त्यांची सरकारी घरांची वसाहत लंडनच्या बँकांच्या काचेच्या इमारतींना अगदी खेटून होती. वयात येताना मिकेला ख्रिस्ती धर्मातल्या पेंटेकोस्टल पंथात रमली, कविता लिहून त्या छोट्या मंचांवर म्हणू लागली. विद्यापीठ अर्धवट सोडून ती गिल्डहॉल या नामवंत नाट्यशाळेत दाखल झाली. तिच्या आधीच्या पाच वर्षांत तिथं एकाही कृष्णवर्णीय मुलीला प्रवेश मिळाला नव्हता. आपल्यासारख्या मुलीसाठी भूमिका कोण लिहिणार, हा प्रश्न तिथं पडणारच. २०१२ मध्ये, शिक्षणाच्या शेवटी, तिनं ‘च्युइंग गम ड्रीम्स’ हा एकपात्री प्रयोग स्वतःच लिहिला आणि हॅकनी विकच्या लहानशा यार्ड थिएटरात केला. दोन वर्षांत तो नॅशनल थिएटरमध्ये पोचला, पुढे त्यातून ‘च्युइंग गम’ ही विनोदी मालिका झाली आणि तिला बाफ्टा पुरस्कार मिळाला.

याच मालिकेचा दुसरा सीझन लिहिताना ती रात्र आली. निर्मितीसंस्थेच्या कचेरीत रात्रभर बसून लिहायचं होतं. थोडी उसंत म्हणून ती एका मित्राला भेटायला बाहेर पडली. कुणीतरी तिच्या पेयात काहीतरी मिसळलं. भान आलं तेव्हा ती पुन्हा कचेरीत टाईप करत होती. आपल्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं तिला नंतर, तुकड्या-तुकड्यांनी आठवलं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये एडिंबरा टेलिव्हिजन महोत्सवात तिनं हे सगळ्यांसमोर सांगितलं. तिथलं मॅकटॅगर्ट व्याख्यान हा ब्रिटिश दूरचित्रवाणीतला मोठा मान. तो मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. समोर बसले होते ते तिला काम देणारेच लोक. त्यांच्यासमोर ती चित्रीकरणस्थळी एकाच व्हॅनमध्ये कोंबलेल्या कृष्णवर्णीय कलाकारांबद्दल बोलली, आणि त्या रात्रीनंतर आपल्या आसपासची माणसं सहानुभूती आणि मालक-नोकराचं नातं यांच्यामध्ये कशी हेलकावत राहिली, तेही बोलली. एवढी स्पष्टता आणि एवढा संयम एका भाषणात मी क्वचितच पाहिला आहे.

मग आली ‘आय मे डिस्ट्रॉय यू’, त्या रात्रीतून उगवलेली आणि त्या फोनवर जिची बोलणी चालली होती ती मालिका. बीबीसीनं तिला हक्कही दिले आणि निर्मितीवर पूर्ण ताबाही. लेखन तिचं, मुख्य भूमिका तिची, दिग्दर्शनातही ती. एकूण बारा भाग, आणि त्यांसाठी तिनं १९१ खर्डे लिहिले. २०२० च्या टाळेबंदीत मी ती पाहत होते. सुरुवातीच्या एका प्रसंगात ॲराबेला, म्हणजे मिकेलानं साकारलेली लेखिका, पोलीस ठाण्यात बसली आहे. एका पुरुषाचा चेहरा सारखा डोळ्यांपुढं येतोय, पण तो आठवणीतला आहे हे मानायला ती तयार नाही. समोरच्या दोन महिला अधिकारी घाई करत नाहीत, आवाज चढवत नाहीत. एक-एक साधा प्रश्न विचारतात आणि उत्तरं देता देता तिची तिलाच खात्री पटत जाते. त्या क्षणी मिकेलाचा चेहरा पाहवत नाही. त्या रात्री मी पुढं पाहू शकले नाही. याच मालिकेत ॲराबेलाचा मित्र क्वामे स्वतःवर झालेल्या अत्याचाराची तक्रार द्यायला जातो तेव्हा मात्र पोलीस अवघडतो, त्याचं ऐकूनच घेत नाही. क्वामे झालेला पापा एसिएडू नाट्यशाळेपासूनचा तिचा सोबती. स्वतःच्या दुखण्यावर लिहायला बसलेली ही लेखिका दुसऱ्याच्या दुखण्यालाही तितकीच जागा देते, हे मला तिच्या धैर्याहूनही मोठं वाटतं.

शेवटच्या भागात ॲराबेला भिंतीवर कागद चिकटवून आपल्या पुस्तकाचा शेवट शोधत असते. एका शेवटात ती अत्याचार करणाऱ्या त्या माणसाचा जीव घेते. दुसऱ्यात तो रडतो, पोलीस त्याला घेऊन जातात. तिसऱ्यात पुढाकार तिचा असतो, आणि सकाळी तिनं ‘जा’ म्हटल्यावर तो निघून जातो. शेवटी ती त्याला शोधायला बारमध्ये जातच नाही. हे पाहताना मला त्या फोनचा अर्थ लागला. त्या रात्री मिकेलाच्या देहाचा निर्णय दुसऱ्यानं परस्पर घेतला होता. तीच रात्र तिनं कागदावर आणली, आणि आता त्या कागदांचाही निर्णय परस्पर दुसऱ्याकडे जाणार होता, या खेपेला मोबदला देऊन आणि सही घेऊन. दोन्ही गोष्टी एका मापाच्या नाहीत, हे मला कळतं. पण शेवट कुठला ठेवायचा हे ठरवण्याचा अधिकार अर्धा टक्का तरी आपला असावा, ही मागणी त्या जखमेतूनच आलेली आहे, याबद्दल मला शंका नाही.

२०२१ मध्ये मर्यादित भागांच्या मालिकेच्या लेखनासाठी तिला एमी पुरस्कार मिळाला. या विभागात तो मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला तिनं तो अर्पण केला. व्यासपीठावरून लेखकांना ती म्हणाली की ज्या गोष्टीची भीती वाटते ती लिहा, आणि थोडा काळ दृष्टीआड व्हायला कचरू नका.

ती स्वतःही बरीच दृष्टीआड राहिली. मधे ‘ब्लॅक पँथर’च्या दुसऱ्या चित्रपटात एक छोटी भूमिका केली. २०२४ मध्ये बीबीसीनं तिच्या ‘फर्स्ट डे ऑन अर्थ’ या दहा भागांच्या मालिकेची घोषणा केली. तिची नायिका लिखाण अडलेली ब्रिटिश कादंबरीकार आहे, आणि एका चित्रपटाच्या कामासाठी ती घानाला निघते. तो नायिकेच्याही आईवडिलांचा देश. तिचा दुरावलेला बाप तिथंच राहतो. लंडनच्या त्या वसाहतीतून सुरू झालेलं मिकेलाचं लेखन आता आईवडिलांच्या मातीकडे वळलं आहे, आणि तिथं तिला काय सापडतं ते मला पाहायचं आहे.