निळा लेझर बंद केला तेव्हा

सलग तीन आठवडे माझे फुगे ढिम्म हलले नव्हते. फुगे लिपिडचे, वीस-तीस मायक्रॉनचे. लिपिडच्या दोन थरांची त्यांची भिंत जेमतेम ४-५ नॅनोमीटर जाड. पेशीपटलाची याहून साधी नक्कल मला माहीत नाही.

त्यात मी अझो-पीसी नावाचं लिपिड मिसळलं होतं. त्याच्या एका शेपटीत अझोबेंझीन असतं. एरवी ते सरळ असतं, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की वाकतं आणि निळ्या प्रकाशात पुन्हा सरळ होतं. वाकलेली शेपटी जास्त जागा अडवते, त्यामुळे पटल पसरतं. आतलं साखरेचं पाणी मात्र तेवढंच राहतं. कापूस तेवढाच आणि अभ्रा मोठा, अशी गत व्हायला हवी होती. होत काहीच नव्हतं.

मी नवी कुपी उघडली, क्लोरोफॉर्म उडून जावा म्हणून काचेवरचा थर रात्रभर निर्वातात ठेवला. फरक शून्य. एका संध्याकाळी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर हिरवी कडी चमकत होती.

"रंगद्रव्य कुठल्या लेझरवर बघतेस?"

"४८८."

"म्हणजे निळ्यातच की."

माझ्या पोटात खड्डा पडला. अतिनील दिव्यानं वाकवलेले रेणू माझा बघण्याचाच लेझर त्याच क्षणी सरळ करत होता. तीन आठवडे मी एका हातानं केलेलं दुसऱ्या हातानं पुसत होते.

दुसऱ्या दिवशी रंगद्रव्य घातलंच नाही. आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज असलं की फुगे जड होऊन तळाशी बसतात आणि फेज कॉन्ट्रास्टमध्ये त्यांची कडा आपसूक उठून दिसते. सूक्ष्मदर्शकाच्या दिव्यापुढे लाल फिल्टर बसवला, खोलीतही लाल बल्ब, जुन्या फोटो स्टुडिओच्या डार्करूमसारखा. मग अतिनील दिवा लावला.

कडा थरथरली. बघता बघता गोल फुगा सैल पडला, लांबट झाला, एका बाजूला त्याला बारीक कोंब फुटला. निळा प्रकाश टाकला तर कोंब आत गेला, फुगा पुन्हा टणक गोल. ना थेंबभर रसायन घातलं, ना सुई लावली. नुसत्या उजेडानं मी एक पटल मऊ केलं होतं, परत ताणलं होतं.

मॅडमना बोलवायला धावले, तर सगळे घरी गेलेले. परत येऊन स्टुलावर बसले आणि अतिनीलचं बटण पुन्हा दाबलं.