ओढणारं चाक, रोखणारं चाक

टायरच्या खाचांवरून तळहात आधी बाहेरून आत फिरवायचा, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला खरखरीत लागलं, तर टो, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कोन, बिघडलेला असतो. फक्त आतली कड गेली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बघायचा. मशीन आकडे देतं, पण मालक गाडी कशी हाकतो ते टायरवरच कळतं. अलाइनमेंटच्या धंद्यात हाताला ही सवय मशीनच्या आधी लागते. विजेवरच्या गाड्या रॅम्पवर यायला लागल्यापासून या हाताला नवं काम मिळालं आहे. पुढच्या चाकांवर चालणारी ईव्ही पुढचे टायर ज्या वेगाने खाते, तसं तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीत सहसा दिसत नाही. मालक म्हणतात, "गाडी जड आहे ना!" जड असतेच, पण वजन तर मागच्या टायरवरही असतं.

खरं कारण असं, की ईव्हीत जे चाक गाडी ओढतं तेच तिला रोखतंही. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटर जनरेटर होते, चाकाच्या फिरण्यातून वीज काढते आणि गाडी मंदावते, यालाच रीजेन म्हणतात. म्हणजे सिग्नल सुटताना जो टायर घासतो, पुढच्या सिग्नलला थांबतानाही तोच घासतो. साध्या ब्रेकचं काम चारही चाकांत वाटलेलं असतं. पुढच्यांकडे जास्त जातं, पण मागचीही आपला वाटा उचलतात. म्हणून "पुढची चाकं ओढणारी गाडी बरी की मागची ढकलणारी?" हा प्रश्न ईव्हीबाबत दोनदा विचारायला हवा, चढासाठी एकदा आणि उतारासाठी एकदा. लोक चढापुरताच विचारतात.

चढाचं आधी सांगतो. फियाट आणि ॲम्बॅसेडर मागच्या चाकांवर चालत. इंजिन पुढे, आणि गाडीच्या पोटाखालून लांब शाफ्ट मागच्या एक्सलपर्यंत. १९८३ साली मारुती ८०० आली आणि १९९८ मध्ये आपल्या पिंपरीची इंडिका. दोन्ही पुढच्या चाकांवर. इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्ह शाफ्ट, सगळं बॉनेटखाली बसलं. मधला शाफ्ट गेला, पाय ठेवायला जागा झाली, खर्च कमी झाला. शिवाय इंजिनामुळे साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढे असल्याने ओढणाऱ्या चाकांना पकड आपसूक मिळाली.

ईव्हीत हाच आधार निघून गेला. बॅटरी फरशीखाली पसरलेली असते, त्यामुळे वजन पुढेमागे जवळपास निम्मं-निम्मं वाटलं जातं. आणि मोटरचा टॉर्क तर गाडी हलायच्या आधीच हजर. पेट्रोल इंजिनासारखं आरपीएम चढेपर्यंत थांबणं नाही. जानेवारी २०२० मध्ये आलेली नेक्सॉन ईव्ही रांजणगावच्या नेक्सॉनवरूनच बेतलेली होती, म्हणून इंजिनाच्या जागी बॉनेटखाली मोटर बसली आणि २४५ न्यूटन मीटर टॉर्क पुढच्या चाकांवर आला. हा निर्णय मला योग्यच वाटतो. सांगाडा तयार होता, किंमत आवाक्यात ठेवायची होती, आणि विजेची गाडी मराठी मध्यमवर्गाच्या दारात प्रथम याच वाटेने आली. पण पहिल्या पावसात, रस्त्यावर धूळ आणि तेलाचा राप असताना, पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढावर पाय जोरात दाबला की पुढची चाकं जागच्या जागी फिरू बघतात, ते यामुळे.

गणित सोपं आहे. दहा टक्क्यांच्या चढावर नुसती उभी असलेली गाडी दोन-अडीच टक्के वजन मागे टाकते. त्यात जोरात वेग घेतला की आणखी पाच-सहा टक्के मागे सरकतं. ज्यांनी ओढायचं ती पुढची चाकं नेमकी त्याच वेळी हलकी होतात, वर वळायचं कामही त्यांच्याकडेच. टॉर्क अडीचशेच्या आसपास असेल तर हे निभावतं. चाकणहून निघणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत ३८० न्यूटन मीटर आहे, आणि तो मागच्या चाकांना दिला आहे. पुढे दिला असता तर स्टिअरिंग हातातून ओढलं गेलं असतं. हॅरियरचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. २०१९ ची डिझेल हॅरियर पुढच्या चाकांवर चालते, तर जून २०२५ मध्ये आलेली हॅरियर ईव्ही मागच्या मोटरवर, आणि वरच्या मॉडेलमध्ये पुढेमागे दोन्हीकडे मोटर. नाव तेच, चाल वेगळी. फोक्सवॅगनचा प्रवासही असाच. बीटल मागून चालायची, १९७४ च्या गोल्फने सगळं पुढे आणलं, आणि ईव्हीसाठी आयडी ३ काढताना मोटर पुन्हा मागे गेली.

इथवर ऐकलं की लोकांना उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. मग मी त्यांना नवले पुलाचं विचारतो.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत रस्ता सतत उतरतो. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर सोडायचा, खाली येईतो ब्रेक तापून निकामी, आणि पुढच्या गाड्यांचा चुराडा. या उताराने किती घरं उद्ध्वस्त केली ते पुणेकरांना सांगायला नको. ईव्हीसाठी हाच उतार कमाईचा आहे. दीड टनाची गाडी शंभर मीटर वर चढवायला सुमारे ०.४ युनिट लागतं, आणि उतरताना त्यातलं बरंचसं परत मिळू शकतं, तेही ब्रेक न तापता. पण त्यासाठी गाडी गिअरमध्ये हवी आणि बॅटरीत जागा हवी. आंबेगावच्या टेकडीवर राहणाऱ्या गिऱ्हाइकांना मी बजावून सांगतो, की रोज शंभर टक्के चार्ज करून घरातून उतरू नका. भरलेली बॅटरी वीज घेत नाही, मग रोखायला फक्त ब्रेकचे पॅड उरतात.

उतारावर वजन पुढे येतं. पुढच्या मोटरची गाडी इथे खरी शोभते, कारण जिथे भार तिथेच रोखणारी मोटर. मागच्या मोटरची गाडी मात्र हलक्या झालेल्या चाकांनी स्वतःला रोखत असते. ओल्या वळणावर पाय एकदम उचलला तर शेपूट सुटण्याचा संभव असतो. कॉम्प्युटर ते ओळखून रीजेन कमी करतो आणि काम ब्रेककडे सोपवतो, तो चांगलंच काम करतो. तरी पावसात सिंहगड उतरताना रीजेन एक पायरी खाली ठेवावा आणि पाय हळू उचलावा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

त्यामुळे नुसतं कोथरूड ते स्वारगेट करणाऱ्याला मी मागच्या मोटरसाठी जास्त पैसे घालायला सांगत नाही. शहरात चढ कमी आणि थांबणं फार, तिथे पुढची मोटर चोख काम करते. पेठेत राहणाऱ्याचं गणित मात्र निराळं. एमजी कॉमेटची मोटर मागे आहे, पुढच्या चाकांना शाफ्टची अडचण नाही, म्हणून ती जास्त वळू शकतात. त्यात गाडी आखूड, म्हणून ४.२ मीटरच्या त्रिज्येत वळते. वाड्याच्या बोळात याची किंमत कळते.

वाद होतो तो टायर बदलताना. "काका, पुढचे दोन गेलेत, नवे पुढेच टाका."

"नवे मागे जातील साहेब. मागचे पुढे घेतो."

"अहो, गाडी पुढच्या चाकांवर चालते!"

चालू दे. पुढचं चाक घसरलं तर स्टिअरिंग हलकं लागतं, माणूस पाय सैल करतो, गाडी सावरते. मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते आणि साध्या चालवणाऱ्याला ती सावरता येत नाही. म्हणून जास्त खाच असलेला टायर मागे, मोटर कुठेही असो. ज्याच्या गाडीत मोटरच मागे आहे, त्याच्या बाबतीत तर मी ऐकूनच घेत नाही. तिथे ढकलणारं आणि रोखणारं चाक एकच आहे, तेही उतारावर हलकं होणारं. आणि दोन्हीकडे मोटर असेल तर चारही टायर एका मापाचे आणि सारख्याच झिजेचे हवेत. एक फुटला म्हणून एकच नवा टाकून मी ती गाडी बाहेर सोडत नाही.