लाल दिवा विझला, पण…

आमच्या घरी १९९७ ची ओम्नी व्हॅन होती. अब्बांनी ती जुनीच विकत घेतलेली. अम्मीला दवाखान्यात न्यायचे असो, बहिणीकडे कवठेमहांकाळला ईदी पोहोचवायची असो, की सुट्टीत पोराबाळांना घेऊन कोल्हापूरला जायचे असो, तिने कधी नाही म्हटले नाही. अब्बा दर शुक्रवारी सकाळी तिची ऑइलची पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून पाहत. त्यांच्या इंतकालनंतर गाडी आमच्याकडे आली. शाळा, पेपर तपासणी आणि निवडणुकीची कामे यांत ती सवय मात्र आमच्या हातून सुटली.

मागच्या उन्हाळ्यात गाडीची दोन दुखणी एकदम वर आली. इंजिन तापले की उभी गाडी थरथरायची आणि मिरजेच्या रेल्वे फाटकावर थांबलो की बंदच पडायची. त्याच वेळी ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. जरा रेस दिली की दिवा गायब. रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्याने पुढची सीट उचलली, कार्बोरेटरचा स्क्रू थोडा आत फिरवला आणि रेस कायमचीच वाढवून दिली. दिवा विझला. आम्ही पन्नास रुपये दिले आणि खुशीत घरी आलो.

नंतर गाडी उभी असतानाही गुरगुरू लागली. क्लच सोडला की आपोआप पुढे ओढायची, पेट्रोलही जास्त खायची. पण दिवा लागत नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

याच दिवसांत गाडी विकायचे ठरले. एका पालकाच्या ओळखीने बेडगचा एक तरुण पाहायला आला. त्याला आपल्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला आणावे लागे. गाडीभोवती फिरून झाल्यावर त्याने विचारले, “सर, ऑइलचा दिवा वगैरे काही लागत नाही ना?”

“नाही,” आम्ही म्हणालो.

शब्द खोटा नव्हता. दिवा खरोखरच लागत नव्हता. पण रात्री दस्तरखानावर बसलो तेव्हा आठवीतली आमची मुलगी म्हणाली, “अब्बू, दिवा लागत नाही, की आपण लागू देत नाही?” घास तोंडातच राहिला. मालाचा ऐब सांगून सौदा करावा, हे आम्ही लहानपणापासून घरात ऐकत आलो होतो, आणि तेच वर्गात मुलांना सांगतही होतो.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या चाचांकडे गेलो. ते एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मिस्त्री. सगळे ऐकून ते म्हणाले, “सर, वाचता न येणाऱ्या पोराला तुम्ही वरच्या वर्गात ढकललंत.”

मग त्यांनी समजावले. ऑइलचा पंप इंजिनच फिरवते. इंजिन हळू फिरले की पंप हळू फिरतो आणि दाब कमी होतो. शिवाय तापलेले ऑइल पातळ होते आणि बेअरिंगच्या फटींतून लवकर निसटते. म्हणून हे दुखणे नेमके इंजिन गरम आणि रेस कमी असताना दिसते. रेस वाढवली की पंप जोरात फिरतो, दिवा विझतो. पण ऑइल तितकेच पातळ राहते आणि फटीही तितक्याच राहतात.

चाचांनी गाडी सपाट जागी लावली, थोडा वेळ बंद ठेवली आणि पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होते. आम्हाला बरे वाटले. चाचांनी पट्टी आमच्या नाकाजवळ धरली. पेट्रोलचा वास! इंजिनला बसवलेल्या पेट्रोल पंपातला रबरी पडदा फाटला होता आणि पेट्रोल आत झिरपून ऑइलमध्ये मिसळत होते. ऑइल वाढले नव्हते, पाण्यासारखे पातळ झाले होते.

थरथरण्याचे कारण वेगळेच निघाले. एक व्हॅक्यूम पाइप वळणावर चिरला होता आणि तिथून इंजिन फुकटची हवा ओढत होते. चाचांनी पाइप बोटांनी दाबून धरताच आवाज बदलला. मग त्यांनी स्क्रू पूर्वीच्या जागी आणला, दिव्याचा स्विच काढून तिथे गेज लावला आणि इंजिन तापू दिले. दाब अर्ध्या किलोच्याही खाली! म्हणजे दिवा खरेच सांगत होता.

पेट्रोल पंप, पाइप, ऑइल आणि फिल्टर बदलले. चाचांनी मीटर लावून रेस नऊशेच्या आसपास बसवली. आता गरम इंजिनावर गेज एक किलोच्या थोडा वर राहिला आणि रेस दिल्यावर तीनपर्यंत गेला. “बेअरिंग थोडे झिजलेत,” चाचा म्हणाले, “पण ऑइल वेळेवर बदललं तर गाडी साथ देईल.”

आम्ही बेडगला फोन केला आणि सगळे सांगितले. स्क्रूचे, पेट्रोलचे, झिजलेल्या बेअरिंगचेही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “पाच हजार कमी करा, घेतो.” आम्ही कमी केले. चाचांनी त्याच्यासमोर पुन्हा गेज लावून दाखवला.

ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे त्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. चालत्या गाडीत हा दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. ‘घरापर्यंत नेऊ’ म्हणू नका. आणि इंजिन खोलायला कोणी सांगितले, तर आधी गेज लावून दाब पाहायला सांगा. कधी कधी फक्त स्विचच खराब असतो. पण दिवा विझवण्यासाठी रेस वाढवून घेऊ नका.

रमजानमध्ये त्या तरुणाचा फोन आला. आईची तब्येत सांगून झाल्यावर म्हणाला, “सर, पट्टी दर शुक्रवारी बघतो. चाचांनी बजावलंय.” अम्मीला हे सांगितले, तेव्हा तिने दुपट्ट्याने डोळे पुसले.